पेटी, ॲकॉर्डियन आणि आत्याबाईंची फीत

ब्लूज आणि झायडको ही नावे आपल्या मासिकाच्या पानावर पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. कीर्तन नाही, सणाची गाणी नाहीत, निदान लता-आशा तरी असाव्यात, ते सोडून हे काय काढले, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. आम्ही उभयता जवळजवळ पन्नास वर्षे टोरांटोत आहोत आणि इथल्या थंडीत आम्हाला गोडी लागली ती या गाण्यांची. ती ऐकता ऐकता आमच्या घरात एक वाद उभा राहिला, आणि तो परदेशी गेलेल्या आपल्या पुष्कळ घरांत आज ना उद्या होणार आहे. ज्या नातवंडांना मराठी येत नाही त्यांनी आपली मराठी पदे गावीत का, आणि गावीत तर कशी? या वादात दोन्ही बाजूंना साक्षीदार पुरवले ते या परक्या ध्वनिमुद्रिकांनी. म्हणून हा लेख.

आधी ब्लूजविषयी दोन शब्द. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात, गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही कर्जाने जमिनीला बांधून राहिलेल्या काळ्या शेतकऱ्यांचे हे गाणे. बांधा साधा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. कीर्तनात बुवा ओळ दोनदा घोळवतात आणि तेवढ्यात मागचे साथीदार झील धरतात, त्यातलाच हा प्रकार. यातली सुरांची गंमत आपल्या कानाला लवकर कळते. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये एक जागा आहे, तिथे ही मंडळी रेंगाळतात. पेटीच्या पट्ट्यांवर ती जागा नाही. ती गळ्यात आहे, गिटारच्या ओढलेल्या तारेत आहे. याच कारणासाठी आपल्याकडे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तो वाद वेगळा. पण पेटी पुढे या लेखात पुन्हा येणार आहे.

काळ्या गायिकेच्या आवाजात ब्लूजची पहिली तबकडी निघाली ती १९२० साली, न्यूयॉर्कला. गायिका मेमी स्मिथ, गाणे 'क्रेझी ब्लूज'. ती इतकी खपली की तोवर या लोकांकडे ढुंकून न पाहणाऱ्या कंपन्या मायक्रोफोन घेऊन खेडोपाडी हिंडू लागल्या.

तबकडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या घरोघरी जो भोंग्यात डोकावणारा कुत्रा होता, त्याच्या तबकडीचा जनक एमिल बर्लिनर हा जर्मनीतून अमेरिकेत आलेला ज्यू होता. सपाट तबकडीचा ग्रामोफोन त्याने १८८७ साली सिद्ध केला, आणि पुढे कॅनडात मॉन्ट्रियलला कंपनी काढली. मॉन्ट्रियलच्या सें-आंरी भागात त्याच्या कारखान्याच्या इमारतीत आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. टोरांटोत यंग स्ट्रीटवर 'सॅम द रेकॉर्ड मॅन' हे प्रचंड दुकान होते, त्याचे मालक सॅम स्नायडरमन हेही आपलेच धर्मबंधू. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर निऑनच्या दिव्यांच्या दोन भल्यामोठ्या तबकड्या फिरत असत. ते दुकान २००७ साली बंद झाले. तिथल्या मागच्या खणांत स्वस्तात लावलेल्या एल.पी. चाळणे हा आमचा रविवारचा उद्योग होता. वरच्या मजल्यावर आम्ही क्वचितच गेलो, तिथली गाणी रेडिओवर फुकट ऐकायला मिळत.

रेडिओवरून खरे वेड लागले. १९८६ साली सीबीसीवर 'सॅटर्डे नाइट ब्लूज' हा कार्यक्रम सुरू झाला. हिवाळ्यात हावदाला होऊन कितीतरी वेळ गेलेला असे. उन्हाळ्यात मात्र इथे शब्बाथ सुटायलाच दहा वाजायला येतात, तेव्हा मेणबत्ती विझवल्याबरोबर रेडिओकडे हात. कार्यक्रम सादर करणारे होल्गर पीटरसन हे जर्मनीत जन्मलेले आणि लहानपणी आईवडिलांबरोबर कॅनडात आलेले गृहस्थ. एडमंटनच्या सीकेयूए रेडिओवर ते १९६९ पासूनच ब्लूज वाजवीत होते. १९७६ साली त्यांनी एका भागीदाराबरोबर एडमंटनमध्येच 'स्टोनी प्लेन' ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. मिसिसिपीपासून हजारो मैलांवर, जिथे सहा महिने बर्फ असते, तिथे बसून एका जर्मन मुलाने काळ्या अमेरिकन म्हाताऱ्यांची गाणी जपावीत हे आम्हाला आधी चमत्कारिक वाटे. मग लक्षात आले की जो स्वतः कुठून तरी आलेला असतो त्यालाच अशा गोष्टींची किंमत लवकर कळते.

या कंपनीने ज्यांना मुद्रित केले त्यांतल्या रॉस्को गॉर्डन यांची कथा ऐकण्यासारखी आहे. मेम्फिसचे हे पियानोवादक १९५० च्या दशकात गाजले. त्यांच्या हाताचा एक उलटा, अडखळता ठेका होता. तो जमैकात इतका आवडला की तिथल्या 'स्का' संगीताच्या घडणीत त्याचा वाटा मानतात. पुढे धंद्यातल्या लबाड्यांना कंटाळून त्यांनी गाणे सोडले आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कपडे धुण्याचे दुकान चालवले. २००० साली, सत्तरी गाठता गाठता, स्टोनी प्लेनने त्यांचा 'मेम्फिस, टेनेसी' हा नवा संग्रह काढला. २००२ साली ते वारले. कॅन्सास सिटीचे जे मॅकशॅन, ज्यांच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर तरुणपणी वाजवीत असे, तेही ऐंशी ओलांडल्यावर याच कंपनीसाठी वाजवून गेले.

आमच्या ओंटारियोतही हे चालले होते. टोरांटोच्या स्पडायना रस्त्यावर ग्रॉसमन नावाच्या ज्यू कुटुंबाचा टॅव्हर्न होता. तो भाग त्या वेळी शिंप्यांचा, यिद्दिश बोलणाऱ्यांचा. त्या टॅव्हर्नमध्ये डॉनी वॉल्श आणि त्यांचे भाऊ हॉक यांनी १९६९ पासून 'डाउनचाइल्ड' ही ब्लूजची मंडळी नावारूपाला आणली. त्यांची पहिली एल.पी. १९७१ साली एका इमारतीच्या तळघरातल्या मोटारी ठेवण्याच्या जागेत मुद्रित झाली. ती गोरी पोरे होती, आणि त्यांच्यावरूनच डॅन ॲक्रॉइड यांना 'ब्लूज ब्रदर्स'ची कल्पना सुचली, हे इथे पुष्कळांना ठाऊक आहे. हॅमिल्टनच्या जॅकी वॉशिंग्टन यांचे नाव मात्र कमी लोकांनी ऐकलेले असते. १९१९ साली हॅमिल्टनलाच जन्मलेले हे काळे कॅनेडियन. शेकडो गाणी त्यांना तोंडपाठ होती. स्वतःची पहिली एल.पी. निघायला १९७६ साल उजाडले. तोवर त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती.

किचनरला मेल ब्राउन येऊन राहिले. मिसिसिपीत जन्मलेले, बॉबी ब्लँडसारख्या मोठ्या गायकाच्या साथीला वाजवलेले गिटारवादक. एका क्लबात वाजवायला म्हणून आले, क्लब बंद पडला, हे राहिले, आणि २००९ साली किचनरचेच रहिवासी म्हणून वारले. टोरांटोच्या 'इलेक्ट्रो-फाय' या छोट्या कंपनीने त्यांचे आणि स्नूकी प्रायर यांचे संग्रह काढले. प्रायर हे माउथ ऑर्गनचे उस्ताद. मध्ये वीसेक वर्षे त्यांनी वाजवणे सोडून सुतारकाम केले. आपल्या वाडवडिलांतही रंधा धरणारे हात पुष्कळ होते आणि त्यांतले काही संध्याकाळी ढोलकीही धरीत. तेव्हा त्यात नवल वाटायचे कारण नाही. 'डबल शॉट' या संग्रहात हे दोघे म्हातारे एकमेकांना ओळी देत-घेत वाजवतात. घाई नावाला नाही.

आता तरुण मंडळींत मॅनिटूलिन बेटावरच्या ओजिब्वे जमातीची क्रिस्टल शावांडा आहे; तिच्या 'चर्च हाउस ब्लूज'ला २०२१ चे जूनो पारितोषिक मिळाले. ओटावाची अँजेलिक फ्रान्सिस हिला २०२३ साली 'लाँग रिव्हर'साठी तेच मिळाले. दोघींचे गळे जोरकस आहेत. अँजेलिकच्या तबकडीत वाद्यांची गर्दी आम्हाला थोडी अधिक वाटते, पण हे आमच्या वयाचे मत.

इथवर ब्लूजचे झाले. आमच्या घरातला वाद पेटला तो झायडकोवरून, आणि त्याची मुळे तर थेट कॅनडात पोहोचतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही नोव्हा स्कोशियात ग्रां-प्रे पाहायला गेलो होतो. फ्रान्समधून येऊन या किनाऱ्यावर वसलेल्या लोकांना अकेडियन म्हणत. त्यांनी समुद्राला बांध घालून खाऱ्या जमिनीतून शेते काढली. बांधात लाकडी मोरी आणि तिला झडप: ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर जावे, भरतीला खारे पाणी आत येऊ नये. आम्ही दोघे ते चित्र पाहून एकदमच म्हणालो, अहो, ही तर आपली उघाडी! अलिबाग-पेणच्या खारबांधावर ज्यांचे बाळपण गेले त्यांना अधिक सांगायला नको. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ब्रिटिश सैन्याने इथल्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावले, आणि तुमची जमीन, घरे, गुरे राजाच्या नावे जप्त झाली असे वाचून दाखवले. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांवर माणसे गलबतांत कोंबून देशोधडीला लावण्यात आली. कोणी अमेरिकेच्या वसाहतींत, कोणी इंग्लंड-फ्रान्समध्ये, कित्येक वाटेतच बुडाली. त्यांतली काही हिंडत हिंडत १७६५ च्या सुमारास लुइझियानाच्या दलदलीत पोहोचली. १७८५ साली फ्रान्समधून आणखी सुमारे सोळाशे तिथे गेली. अकेडियनचे झाले 'केजन'. तारू फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांची गोष्ट ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली, त्यांना ही गोष्ट परकी वाटत नाही.

पण झायडको केजनांचा नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. पुष्कळ लोक गल्लत करतात. त्याच मुलखात फ्रेंच बोलणारे काळे लोक होते, क्रिओल. शेजार केजनांचा, भाषा फ्रेंच, ताल आफ्रिकेचा. दोघांनी एकमेकांकडून गाणी घेतली आणि दोघांनी जर्मन व्यापाऱ्यांकडून ॲकॉर्डियन घेतले. झायडको हे नाव फ्रेंचमधल्या घेवड्याच्या शेंगांच्या नावावरून आले असे मानतात. 'लेझारिको'चा उच्चार घासून घासून झायडको झाला. शेंगांत खारवलेले मांस टाकायची ऐपत नाही, त्या अळणीच खातो, अशा अर्थाचे एक जुने बोल आहेत, त्यातला हा शब्द. ते खारवलेले मांस आपल्याला चालणारे नव्हे, तो भाग वेगळा; पण अळणी बिरड्याचे दिवस आपल्या घरांनीही पाहिले आहेत.

या लोकांतला पहिला मोठा वादक अमेदे आर्द्वँ. कुळाने जमीन कसणारा माणूस. १९२९ साली डेनिस मॅगी या गोऱ्या फिडलवाल्याबरोबर त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. १९३४ पर्यंत एकूण चौतीस गाणी. आवाज उंच, रडवेला, जणू लांबच्या शेतातून कोणी हाक मारतो आहे. असे सांगतात की एका गोऱ्या घरी नाचाच्या वेळी वाजवताना घरातल्या मुलीने त्याला घाम पुसायला आपला रुमाल दिला, आणि तो घेतल्याबद्दल त्याला परतीच्या वाटेवर मरेस्तोवर मारले. तो जगला, पण डोके ठिकाणावर राहिले नाही. १९४२ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. थडग्यावर दगडसुद्धा नाही. त्या चौतीस गाण्यांवर आज दोन समाजांचे संगीत उभे आहे. आम्ही ती सगळी एका बैठकीत ऐकायचा प्रयत्न केला. ते जमत नाही, मध्येच उठून चहा करावा लागतो.

मग आला क्लिफ्टन शेनियर, झायडकोचा राजा. १९२५ साली ओपलूसस गावाजवळ जन्मला. आर्द्वँच्या ॲकॉर्डियनला दहा बटणे होती आणि तेवढ्यांत एकाच पट्टीचे सूर. भाता दाबला तर एक सूर, ओढला तर दुसरा. त्यावर ब्लूज पुरता वाजत नाही, कारण कोमल सुरांच्या जागाच नाहीत. शेनियरने पियानोसारख्या पट्ट्यांचे मोठे ॲकॉर्डियन उचलले, त्यात सगळे बारा सूर. भाऊ क्लीव्हलँड साथीला. पूर्वी कपडे घासायची पन्हळी पत्र्याची फळी गळ्यात दोरीने अडकवून वाजवीत. क्लिफ्टनने १९४६ साली एका पत्रेकाराला मातीत चित्र काढून दाखवले आणि खांद्यावर अडकणारे पत्र्याचे जाकीटच बनवून घेतले. क्लीव्हलँड बाटल्या उघडायच्या चाव्या बोटांत धरून त्यावर खरखर वाजवी. टाळ-झांजांचे काम त्याने केले.

१९६४ साली ह्यूस्टनमध्ये क्रिस स्ट्रॅकविट्झ यांनी त्याला एका लहानशा पिण्याच्या जागेत ऐकले. हेही लहानपणी जर्मनीतून परागंदा झालेले. १९६० साली त्यांनी 'अरहूली' नावाची कंपनी काढली होती. एक ॲकॉर्डियन, एक ड्रम आणि फ्रेंचमध्ये गाणे. स्ट्रॅकविट्झ हरखून गेले. म्हणाले, हेच मुद्रित करू. पण शेनियरला ते नको होते. त्याला हवा होता मोठा वाद्यवृंद, इंग्रजी गाणे, रेडिओवर चालेल असा ठेका. घासाघीस होऊन ठरले की एल.पी.च्या एका बाजूला त्याच्या मनासारखे आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रॅकविट्झच्या. १९६५ सालची 'लुइझियाना ब्लूज अँड झायडको' ती हीच. लोकांनी जिवाला लावून घेतली ती फ्रेंच बाजू.

ही हकीकत वाचली आणि आम्हा दोघांत दोन पक्ष झाले. एकाचे म्हणणे, पाहा, बाहेरून आलेल्या माणसाने जुने ओळखले म्हणून ते टिकले, नाहीतर शेनियर इंग्रजीत वाहून गेला असता. दुसऱ्याचे म्हणणे, शेनियरने ब्लूज आणि मोठे ॲकॉर्डियन आणले नसते तर स्ट्रॅकविट्झला मुद्रित करायला उरले काय असते? बापाचे दहा बटणांचे बाजे गावातच राहिले असते. पक्ष अजून मोडलेले नाहीत.

पुढच्या पिढीचे ऐका. स्टॅन्ली ड्यूरल, ज्याला 'बकव्हीट' म्हणत, याला तरुणपणी वडिलांच्या ॲकॉर्डियनचा तिटकारा होता. ती म्हाताऱ्यांची गाणी, म्हणून त्याने स्वतःची फंक वाजवणारी मंडळी काढली होती. मग शेनियरच्या साथीला ऑर्गन वाजवायला गेला आणि तिथेच अडकला. पुढे स्वतः ॲकॉर्डियन हाती घेतले आणि १९८७ साली मोठ्या कंपनीने करारबद्ध केलेला झायडकोचा पहिला वादक ठरला. शेनियरचा मुलगा सी.जे. हा शहरात, जेम्स ब्राउनच्या गाण्यांवर वाढला. १९७८ साली बापाच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन घेऊन शिरला तेव्हा त्याला हे संगीत जवळजवळ परकेच होते. १९८७ च्या डिसेंबरात क्लिफ्टन वारला आणि मंडळी मुलाने पुढे चालवली. २०२५ साली क्लिफ्टनच्या जन्मशताब्दीला निघालेल्या संग्रहात रोलिंग स्टोन्ससुद्धा त्या मोडक्या फ्रेंचमध्ये गायले आहेत.

भाषेचे मात्र निराळे झाले. लुइझियानाच्या १९२१ च्या घटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होत. दोन पिढ्यांत घरातली बोली आजोबांपाशी राहिली. केजनांतला गायक झॅकरी रिचर्ड १९५० साली जन्मला, इंग्रजीत शिकला. फ्रेंच गाणारा म्हणून त्याला थारा दिला तो कॅनडाने. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो क्वेबेकला येऊन राहिला आणि १९९६ चा त्याचा 'काप आंराजे' हा फ्रेंच संग्रह इथे लाखांनी खपला. पूर्वजांना जिथून हाकलले त्या देशात गाणे घेऊन परत आला, असे म्हणा ना. काळ्या क्रिओलांतही आता एक कोरी लेडे आहे. १९८१ साली ह्यूस्टनला जन्मलेला. क्रिओलांची कूरी-विनी ही बोली त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली नव्हती. मोठेपणी शिकला, आणि २०२३ साली 'मेदिकामें' हा संपूर्ण संग्रह त्या बोलीत काढला. ती बोली बोलणारे आज थोडे उरले आहेत. गाणे आधी आले, भाषा मागून. आमच्यातल्या दुसऱ्या पक्षाने ही तबकडी लावली तेव्हा पहिला पक्ष बराच वेळ काही बोलला नाही.

आता आमच्या घरचे. १९८३ साली सुट्टीवर ठाण्याला गेलो असता आम्ही आत्याबाईंना समोर बसवून एक फीत मुद्रित केली होती. आत्याबाई गेल्या त्यालाही तीस वर्षे झाली. त्यांच्याकडे नोहाच्या आख्यानातली पदे होती, त्यांच्या आजोळकडून आलेली. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने करण्याची चाल आपल्यात १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी पाडली, तिचाच कुठला तरी ओघळ त्यांच्या घरात आला असावा. फितीवर त्यांचा आवाज आहे, पेटी आहे, खिडकीतला कावळा आहे आणि कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. मुलांनी ती कधी ऐकली नाही. नातीने ऐकली. तिला मराठी येते ते 'बस', 'जेव' आणि 'पुरे' एवढेच. पण आमच्याकडे शेनियर ऐकून ऐकून तिने एक जुने ॲकॉर्डियन विकत घेतले होते. आत्याबाईंच्या पेटीचा आवाज ऐकला आणि म्हणाली, अरे, हे तर तेच वाद्य. खोटे नाही. दोन्हींत भाता, दोन्हींत धातूच्या पट्ट्यांतून वाऱ्याने उठणारा सूर.

तिने तीन पदे रोमन अक्षरांत लिहून घेतली, पाठ केली आणि गेल्या हनुक्काला आपल्या मंडळींच्या मेळाव्यात ॲकॉर्डियनवर म्हटली. ठेका झायडकोचा. तरुण पोरे टाळ्या वाजवीत होती. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ नंतर आमच्यापाशी येऊन म्हणाले, "पोरीचा गळा गोड आहे हो, पण पेटी कुठे, हे काय कुठे! नोहाच्या पदाला नाच कसला?" त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे आणि त्यांचे दुःख आम्हाला कळते, ते पद त्यांनी कंदिलाच्या उजेडात, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांत ऐकलेले. पण पेटी तरी आपली कुठली? ती १८४० च्या दशकात पॅरिसला निघाली, पाद्र्यांबरोबर हिंदुस्थानात आली आणि बंगाल्यांनी तिला जमिनीवर बसवले. आत्याबाईंच्या आजोळच्या मंडळींनी ती पहिल्यांदा आणली तेव्हा डफाची सवय असलेल्या कोणी म्हाताऱ्याने नाक मुरडले नसेल, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

पहिल्या पक्षाचा मुद्दा तरीही निकालात निघत नाही. नात गाते ते शब्द तिला कळत नाहीत. ठेक्यात बसवताना तिने एका ओळीतला एक शब्द गिळला, आणि तो देवाचा होता. म्हणून आमच्यात तह झाला आहे. तिने हवे ते वाद्य घ्यावे, हवा तो ठेका धरावा. पण आधी मूळ फीत जशीच्या तशी, कावळ्यासकट, नकलून ठेवायची, आणि प्रत्येक पदाचा अर्थ आमच्यापाशी बसून एकेक शब्द समजून घ्यायचा. दर रविवारी दुपारी दूरध्वनीवर हा वर्ग चालतो. सहा पदांपैकी चार झाली. 'गलबत' हा शब्द तिला फार आवडतो.

पाचव्यावर गाडी अडली आहे. फीत जुनी, सूर डुगडुगतो, आणि गाण्यात ऱ्हस्व-दीर्घ ओढले जाते; त्यामुळे आत्याबाई 'तारू' म्हणतात की 'तरू' ते आम्हा दोघांनाही लागत नाही. नोहाचे तारू डोंगराला टेकले असाही अर्थ बसतो, आणि पाणी ओसरून तरू दिसू लागला, ज्याचे पान कबुतराने आणले, असाही बसतो. नात विचारते, मी बोट म्हणू की झाड? ठाणे, अलिबाग, पनवेल, रामला, दिमोना, कुठेही ज्या वाचकांच्या घरी नोहाच्या आख्यानातले हे पद म्हटले जात असेल त्यांनी कृपा करून संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. आणि त्यांच्या घरी ते कोण म्हणत असे, कोणत्या गावी, कोणत्या वाद्यावर, तेही लिहावे.